ओमानला पहिल्यांदा जाताय? छोट्या गटाच्या दौऱ्याची तयारी, पहिल्या फोनपासून परतीच्या विमानापर्यंत

अरब देश म्हटलं की आपल्याकडे आधी दुबई आठवते. ओमान त्या साच्यात बसत नाही. मस्कतमध्ये आकाशाला टेकणाऱ्या इमारतींची चढाओढ नाही, आणि शहर सोडून दोन तास गाडी हाकली की काळे-तपकिरी डोंगर, खजुराच्या बागा, मातीचे किल्ले आणि पुढे वाळूच वाळू. हा देश बघायचा तर आठ-दहा जणांचा गट, ओमानी गाइड आणि दोन-तीन फोर बाय फोर गाड्या, यासारखी सोय नाही. चाळीस जणांची बस डोंगरातल्या गावात शिरत नाही. एकट्यानं गाडी भाड्यानं घेऊन गेलात तर रस्ते उत्तम आहेत, पण कुठल्या घरात कॉफी मिळेल आणि कुठल्या वाटेनं जाऊ नये, हे कोण सांगणार?

दौरा निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: दिवसाला किती ठिकाणं यापेक्षा एकेका ठिकाणी किती वेळ. गाइडला बोलायला आणि तुम्हाला बसायला फुरसत नसेल, तर छोट्या गटाचे जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे?

१. आधी मोसम ठरवा

ऑक्टोबरअखेर ते मार्चमध्यापर्यंतचा काळ चांगला. मे ते ऑगस्ट वाळवंटात पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. त्या वेळी मिळणाऱ्या सवलतीच्या पॅकेजांना भुलू नका. डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातल्या रात्री मात्र बऱ्यापैकी गार असतात. 'वाळवंट आहे, स्वेटर कशाला' म्हणणारे पहाटे शालीत गुरफटून बसलेले दिसतात.

रमजान कधी आहे ते बघूनच तारखा पक्क्या करा. तो दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे सध्या तो नेमका फेब्रुवारी-मार्चच्या पर्यटन मोसमात येतोय. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं चालत नाही, पाण्याची बाटली तोंडाला लावणंसुद्धा. खाणावळी दिवसा बंद, किल्ल्यांच्या वेळा आखडलेल्या. रात्री बाजार फुलतात हे खरं, आणि मुद्दाम त्यासाठी जाणारेही आहेत; पण पहिल्या खेपेला आणि सोबत मधुमेही ज्येष्ठ असतील तर टाळलेलं बरं.

दक्षिण ओमानमधल्या सलालाहचं गणित वेगळं. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ, म्हणजे रिमझिम, धुकं आणि हिरवे डोंगर असतात. ते मस्कतपासून हजार किलोमीटरवर आहे. आठवड्याच्या दौऱ्यात ते कोंबणारा कार्यक्रम दिसला तर पुढचं पान उलटा. तिथल्या समुद्राबद्दलही एक सूचना. जुलै २०२२ मध्ये मुघसैलच्या किनाऱ्यावर कठडा ओलांडून पुढे गेलेल्या भारतीय पर्यटकांना लाटेनं ओढून नेलं होतं. खरिफात समुद्राला पाठ दाखवून फोटो काढू नका.

२. कार्यक्रमपत्रिका वाचायला शिका

पत्रिकेत पहिल्यांदा शुक्रवार शोधा. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. शुक्रवारी दुपारपर्यंत बाजार थंड, आणि मस्कतची सुलतान कबूस मशीद त्या दिवशी बिगरमुस्लिम पाहुण्यांना बंद. निझवाचा जनावरांचा बाजार मात्र शुक्रवारी सकाळीच भरतो. म्हणजे शुक्रवारची सकाळ निझवात आणि मशीद इतर कुठल्याही दिवशी, अशी आखणी हवी. ज्या पत्रिकेत शुक्रवारी सकाळी 'मस्कत शहरदर्शन' लिहिलंय, ती करणाऱ्यानं ओमान नकाशावरच पाहिलंय असं समजा.

माझ्या मते नेटका कार्यक्रम असा: मंगळवारी मस्कतला पोहोचा. बुधवारी सकाळी मशीद, संध्याकाळी मुत्राचा जुना बाजार. गुरुवारी निझवा, शुक्रवारी बाजार, किल्ला आणि फलज, म्हणजे गावाला पाणी आणणारा पाट. शनिवारी जबल अख्दर डोंगर किंवा मिस्फत अल अब्रीईन हे डोंगरातलं गाव. रविवार-सोमवार वाळवंट, तिथे दोन रात्री. मंगळवारी वादी बनी खालिद (वादी म्हणजे डोंगरातल्या ओढ्या-नदीचं पात्र) करून किनाऱ्यावरचं सूर, बुधवारी किनाऱ्याच्या रस्त्यानं मस्कत.

वाळवंटात दोन रात्री कशाला, असं बरेच जण विचारतात. एका रात्रीच्या दौऱ्यात तुम्ही संध्याकाळी चारला पोहोचता, सूर्यास्ताचे फोटो काढता, जेवता, झोपता आणि नाश्ता करून निघता. दुसऱ्या दिवशी कुठलीच घाई नसते, तेव्हा गाइड आपल्या आजोबांच्या उंटांच्या गोष्टी काढतो, वाळूवर रात्री कोण-कोण चालून गेलं त्याच्या खुणा दाखवतो. पैसे त्यासाठी द्यायचे.

'दुबई आणि ओमान, सात दिवसांत' हा प्रकार टाळाच. अर्धा वेळ विमानतळावर आणि सरहद्दीवर जातो.

३. आयोजकाला फोनवर विचारायचे प्रश्न

विचारायला संकोच करू नका. लेखी उत्तर मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल.

- गटात जास्तीत जास्त किती जण? बुकिंग कमी झालं तर दौरा रद्द होणार, की दुसऱ्या गटात घुसवणार?
- एका गाडीत किती जण? (चार ठीक. पाच म्हणजे मागे मधल्या माणसाचे हाल.)
- सोबत आपल्याकडचा टूर लीडर आहे की ओमानी गाइड? गाइडकडे परवाना आहे का? ड्रायव्हरच गाइड आहे का?
- वाळवंटातल्या कॅम्पमध्ये संडास-न्हाणी तंबूला जोडून आहे की सामायिक?
- एकट्यानं खोली घेतली तर जादा किती?
- किल्ले, संग्रहालयं, कासवांचं अभयारण्य यांची तिकिटं धरली आहेत का?
- दुपारची जेवणं कोणाच्या खिशातून?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मराठी टूर लीडर असला की चहा वेळेवर मिळतो, पथ्यपाणी सांभाळलं जातं, कबूल. पण ओमानी माणसाबरोबर फिरल्याशिवाय ओमान उघडत नाही. दोघं असतील तर उत्तम. एकच परवडत असेल तर मी ओमानी गाइड निवडीन. भाषेची चिंता नको. गाइड इंग्रजी बोलतात, आणि मस्कतमध्ये मोडकंतोडकं हिंदी जागोजागी चालतं.

भारतातल्या कंपनीकडून परदेश सहलीचं पॅकेज घेतलंत तर बिलावर टीसीएस (कंपनीनं तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) लागतो आणि पॅन मागतात. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. जाहिरातीतल्या किमतीत तो धरलेला नसतो एवढं लक्षात ठेवा.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला
- ई-व्हिसाची छापील प्रत
- परतीचं तिकीट आणि सगळ्या मुक्कामांची आरक्षणं
- प्रवास विमा
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह
- दोन-तीन पासपोर्ट फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स, वेगळ्या बॅगेत

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर मिळतो. दहा दिवसांचा ५ रियालचा आणि तीस दिवसांचा २० रियालचा, असे पर्यटकांचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन अशा काही देशांचा चालू व्हिसा जवळ असेल तर वेगळी सवलत मिळू शकते. दर आणि अटी बदलत असतात, अर्ज भरायच्या दिवशी संकेतस्थळावरच खात्री करा. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइट्स शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्ता नीट वाचा. अर्जातलं नाव पासपोर्टावर छापलंय तसंच हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, काही पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये असतं, काहींवर नसतं. तिकीट एका पद्धतीनं आणि व्हिसा दुसऱ्या पद्धतीनं, असा घोळ करू नका.

औषधांबाबत कडक आहेत. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं चिठ्ठीशिवाय नेऊ नका. शेजारणीसाठी 'एवढं पाकीट घेऊन जा' हे तर अजिबात नाही.

आणि खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि आपल्यातले बरेच जण स्वस्त तिकिटासाठी दुबई किंवा अबुधाबीमार्गे जातात. डब्यातले अनारसे, डिंकाचे लाडू, खसखस घातलेला मसाला: आईनं, सासूबाईंनी प्रेमानं दिलेलं असलं तरी घरीच ठेवा. थेट मस्कतला जात असाल तरीही. चिवडा, शंकरपाळी न्या, कोणी काही म्हणत नाही.

५. बॅग

कपड्यांचा नियम सोपा: खांदे आणि गुडघे झाकलेले. बायकांसाठी सलवार-कुर्ता आणि मोठी सुती ओढणी यासारखं दुसरं काही नाही. साडीचा बेत असेल तर मशिदीच्या दिवशी तो बदला. कंबर आणि हात उघडे राहतात म्हणून दारावर अडवतात आणि मग भाड्याचा अबाया (पायघोळ झगा) चढवावा लागतो. झिरझिरीत ओढणीही चालत नाही, केस दिसता कामा नयेत. पुरुषांना पूर्ण पँट.

पाण्यातून चालायला घट्ट बसणारे, पकड असलेले बूट. स्लीपर वादीतल्या शेवाळी दगडांवर घात करतात. वादीत पोहायचं असेल तर पोहण्याच्या कपड्यांवर टी-शर्ट आणि लांब शॉर्ट्स घाला, तिथे गावातली कुटुंबंही आलेली असतात.

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या. वाळूसाठी कॅमेऱ्याला झिपवाली प्लास्टिक पिशवी. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय तो विमानतळावरच अडकतो.

सूटकेस कडक कवचाची नको. चार जणांच्या चार मोठ्या बॅगा फोर बाय फोरच्या डिकीत बसत नाहीत, मऊ डफल बॅग दाबून बसते.

६. पैसा: तीन शून्यांचा घोटाळा

एका रियालच्या १,००० बैसा. म्हणून किंमत दशांश चिन्हापुढे तीन आकडी लिहितात: १.५०० म्हणजे दीड रियाल, दीड हजार नव्हे. दुसरी गफलत उलट्या बाजूची. 'पाचच तर आहेत' म्हणून माणूस हात सैल सोडतो, आणि एक रियाल २०० रुपयांहून जास्त असतो हे हॉटेलात परतल्यावर आठवतं. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला सुमारे २.६ डॉलर. त्यामुळे भारतातून डॉलर नेऊन तिथे बदलणं सोपं पडतं.

गंमत अशी की, १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खाडी देशांसाठी खास वेगळ्या रंगाच्या रुपयाच्या नोटा छापल्या होत्या आणि ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालत होता. मुत्राच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या दुकानात आपले ओळखीचे रुपये दिसले तर चमकू नका.

मोठ्या ठिकाणी कार्ड चालतं. कॅम्प, खेडेगावातली दुकानं, चहाच्या टपऱ्या यांसाठी एक आणि पाच रियालच्या नोटा जवळ ठेवा. मोबाइलचं सिम विमानतळावरच मिळतं. घरी बोलायला व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर विसंबू नका, निरोप लिहून पाठवणं खात्रीचं.

७. मस्कत: घाई न करता

मुंबईहून थेट विमान साधारण तीन तासांत पोहोचवतं. घड्याळ दीड तास मागे घ्या.

सुलतान कबूस मशीद २००१ मध्ये खुली झाली. पाहुण्यांसाठी शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा. वेळा आणि प्रवेशाचे नियम आदल्या दिवशी गाइडकडून पुन्हा विचारून घ्या, आणि आठलाच पोहोचा. नऊनंतर क्रूझ जहाजांच्या बस येतात. मुख्य प्रार्थनागृहातला गालिचा एकसंध दिसतो, २१ टन वजनाचा, इराणी कारागीर बायकांनी हातानं विणलेला. बाहेरचा वालुकाश्म भारतातून नेलेला आहे. पाहून झालं की बाजूच्या माहिती केंद्रात खजूर आणि कॉफी देतात. तिथे बसा, स्वयंसेविका शांतपणे प्रश्नांची उत्तरं देतात. ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत; हा पंथ सुन्नी नव्हे आणि शियाही नव्हे. त्याबद्दल विचारलंत तर त्यांना बरं वाटतं.

संध्याकाळी मुत्रा. बाजाराच्या तोंडाशी पर्यटकांसाठीची दुकानं, आत गल्ल्यांमध्ये खरी खरेदी. लोबान घ्यायचा असेल तर 'होजारी' मागा आणि खडे हातात घेऊन बघा: फिकट, किंचित हिरवट झाक असलेला, अर्धपारदर्शक तो चांगला; गढूळ तपकिरी तो धुपाटण्यापुरता. घासाघीस चालते, पण हसतमुखानं. हुज्जत घातलेली त्यांना आवडत नाही.

जुन्या मस्कतच्या बंदरावर समोरासमोर उभे असलेले जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले बाहेरूनच बघायचे. गोव्याच्या आणि वसईच्या माणसानं इथे जरा जास्त वेळ थांबावं. पोर्तुगीजांनी हे किल्ले सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधून काढले आणि १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यानं त्यांना मस्कतमधून हाकललं. ओमानी आरमार तिथेच थांबलं नाही. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी थेट वसईवर धाड घातली आणि कोटाबाहेरची चर्च लुटली. मस्कतच्या विजयामागे नरोत्तम नावाच्या एका भारतीय वाण्याचा हात होता, अशी कथा ओमानी बखरींत येते: पोर्तुगीज अधिकाऱ्यानं त्याच्या मुलीला मागणी घातली, म्हणून त्यानं किल्ल्यातलं धान्य-पाणी आणि दारूगोळा युक्तीनं बाहेर काढवला. तुमच्या गाइडला ती सांगायला लावा. प्रत्येक गाइडची आवृत्ती थोडी निराळी असते. हिंदू व्यापाऱ्यांचं तिथलं बस्तान जुनं आहे, मस्कतमध्ये शिवमंदिर आणि कृष्णमंदिर दोन्ही आहेत.

८. निझवा: शुक्रवारची पहाट

साडेसहाला बाजारात हजर व्हा. मधे गोल वाट असते, आत आणि बाहेर गिऱ्हाइकं. विकणारे आपापली शेळी, बोकड दोरीनं ओढत त्या वाटेवरून फेऱ्या मारतात आणि भाव ओरडत जातात. कोणाला जनावर आवडलं की तो बसल्या जागेवरून हात करून थांबवतो, जबडा उघडून दात बघतो, कास चाचपतो, मान हलवतो. पुढच्या फेरीला भाव उतरलेला असतो. पांढऱ्या पायघोळ डिशडाशातले म्हातारे, कमरेला खंजर, डोक्याला मस्सर गुंडाळलेला. शेजारी काळ्या बुरख्यावर चोचीसारखा मुखवटा चढवलेल्या बदाऊ (वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या) बायका. त्यांचा भाव कोणी पाडू शकत नाही.

फेऱ्यांच्या वाटेवर उभे राहू नका, बिथरलेला बोकड कॅमेरा बघत नाही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि 'नाही' म्हणाल्या तर लांबून झूम करूनही नाही. आठ-साडेआठला सगळं आटोपतं, मग किल्ला. निझवाचा तो अवाढव्य गोल बुरूज त्याच सुलतान बिन सैफनं बांधवला, बारा वर्षं लागली असं सांगतात. आतल्या जिन्यात दरवाज्यांच्या वर फटी दिसतील. चढून येणाऱ्या शत्रूवर तिथून उकळता खजुराचा पाक ओतायचे.

यानंतर बहुतेक दौरे जेवायला पळतात. तुम्ही गाइडकडे फलजसाठी हट्ट धरा.

फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून किंवा झऱ्यातून उतारानं गावात आणलेलं पाणी, पंपाशिवाय. असे सुमारे ३,००० फलज ओमानमध्ये अजून चालू आहेत. त्यांतले पाच २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. निझवाजवळ बिरकत अल मौझ गावातला अल खतमीन त्यांपैकी एक. तिथे एका ठिकाणी मुख्य पाट तीन सारख्या पाटांत फुटतो. गाइडला सांगा, तो वर एखादं पान सोडून दाखवेल, कुठल्या फाट्याला जाईल सांगता येत नाही. पाण्याचा पहिला हक्क पिण्याचा, मग मशीद, मग बागा. बागायतदाराचा हिस्सा वेळेवर मोजतात: पूर्वी दिवसा काठीच्या सावलीनं, रात्री ताऱ्यांनी. वाटप बघणारा माणूस गाव नेमतं. धुळे-साक्रीकडची पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत आणि तिथला पाटकरी ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या गटातल्या एका शेतकरी काकांनी गाइडला इथे अर्धा तास खिळवून ठेवलं: हिस्सा विकता येतो का, भाऊ वेगळे झाले तर पाळी कशी वाटतात, दुष्काळात कोणाची आधी तोडतात. हिस्से विकले जातात, लिलावही होतो, असं कळल्यावर काका खूष झाले. वाळवंटातला देश समजून घ्यायला किल्ल्यापेक्षा हा पाट जास्त उपयोगी, असं माझं मत.

फलजमध्ये पाय सोडून बसायचा मोह होतो. पिण्याचं पाणी जिथून घेतात तिथे नको. गाइडला विचारून खालच्या अंगाला बसा.

वेळ असेल तर बहला (हा किल्ला १९८७ पासून जागतिक वारशात) आणि जबरीनचा रंगवलेल्या छतांचा वाडा. दोन्हीपैकी एकच जमत असेल तर जबरीन. जबल अख्दरला जाताना बिरकत अल मौझनंतरच्या पोलीस चौकीवर फोर बाय फोर नसेल तर परत पाठवतात. वर गुलाबपाण्याचा हंगाम साधारण एप्रिलमध्ये असतो, बाकी वेळी पायऱ्यांची शेतं बघायची.

९. कोणाच्या घरी बसताना

दौऱ्यात एखाद्या घरची कॉफी असतेच. बूट बाहेर. जमिनीवर गाद्यांवर बैठक, तळपाय समोरच्याकडे करून बसू नका. गुडघ्यांचा त्रास असेल तर गाइडला आधी सांगून ठेवा, खुर्ची येते, कोणी वाईट मानत नाही.

आधी खजूर किंवा हलवा, मग कहवा. कप दोन घोटांचा, बिनसाखरेचा, वेलदोड्याच्या वासाचा. उजव्या हातानं घ्या. रिकामा कप पुढे केलात की तो पुन्हा भरतात, आणि पुन्हा. पुरे झालं की कप हातात दोन-तीनदा हलकेच हलवून द्यायचा. एकही कप न घेता उठणं बरं दिसत नाही. कॉफी चालत नसेल तर एक घोट घ्या. ओमानी हलवा बोटानं किंवा चमच्यानं थोडासाच घेतात, तूप, साखर आणि केशर सढळ हातानं असतं. घरच्या बायकांनी आपल्या गटातल्या बायकांना आत बोलावलं तर जरूर जा, आणि पुरुषांनी बाहेर बसावं.

शाकाहारी उपाशी राहत नाहीत. 'कॉफी शॉप' नावाच्या टपऱ्या गावोगावी आहेत, बहुतेक केरळच्या लोकांच्या; पराठा, अंडं, कडक चहा. कॅम्पच्या जेवणात भात, डाळ, सॅलड, हमस असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी मात्र आधीच लेखी कळवावं आणि सोबत थोडं कोरडं खाणं ठेवावं.

१०. वाळवंट आणि वाद्या

शर्किया वाळवंट, जुनं नाव वहिबा, बिदियाच्या बाजूनं आत जातात. आत शिरण्याआधी ड्रायव्हर टायरमधली हवा निम्म्यावर आणतो. तो थांबा चुकवण्यासाठी घाई करायला सांगू नका. गाडी टेकाडांवरून उडवत नेण्याचा खेळ, ड्यून बॅशिंग, काही पॅकेजांत ठरलेलाच असतो. मणक्याचा त्रास, नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर स्पष्ट नको म्हणा. सांस्कृतिक दौऱ्यात तो नसला तरी काही अडत नाही.

बदाऊ कुटुंबाकडे नेतील तेव्हा तिथे विणलेले पट्टे, की-चेन मांडलेल्या असतात. एखादी वस्तू घ्या, तो त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. उंटावर बसायचं असेल तर उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा मागे रेला. पुढे तोंडावर पडणाऱ्यांची करमणूक सगळा कॅम्प बघतो.

वाद्यांबाबत एकही सवलत नको. आभाळ इथे निरभ्र आणि डोंगरात पाऊस, असं होऊन कोरड्या पात्रात मिनिटांत लोंढा येतो. एप्रिल २०२४ च्या पुरात ओमानमध्ये शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. गाइड म्हणाला 'आज वादी नाही', तर आज वादी नाही. 'पैसे भरलेत' हा वाद तिथे घालू नका. वादी बनी खालिद ज्येष्ठांना झेपते, सुरुवातीचे डोह गाडीतळापासून जवळ आहेत. वादी शाबला होडीनं पलीकडे जाऊन पाऊण तास दगडांतून चालणं आणि मग पोहणं. पोहता येत नसेल तर शेवटच्या गुहेचा हट्ट सोडा.

सूरला लाकडी गलबतांचा कारखाना पाहा; या जहाजांचं सागवान पूर्वी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून यायचं. रास अल जिंझला रात्री हिरवी कासवं अंडी घालायला येतात. अभयारण्याच्या गाइडबरोबरच जाता येतं, फ्लॅश आणि मोबाइलचा उजेड बंद. हिवाळ्यात कासव दिसेलच याची हमी कोणी देत असेल तर तो फेकतोय.

११. निघताना

गाइड आणि ड्रायव्हरला बक्षिशी सक्तीची नाही, पण द्यावी. गटानं मिळून लिफाफ्यात, वेगवेगळी, शेवटच्या जेवणाच्या आधी. कोण किती देणार यावर विमानतळावर चर्चा करू नका.

हलव्याचे डबे आणि गुलाबपाणी चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या सामानात सुरक्षा तपासणीला काढून ठेवतात. लोबान दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळे कपडे महिनाभर घमघमतात. बैसाची नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, ती विमानतळावरच चहात संपवा.